गुंठ्याची गल्ली



सुट्टीत पुण्याला गेलो की "आताच एखादा गुंठा घेऊन ठेवा" असे सांगणारे कोणीतरी भेटतेच. आपल्यापैकी काहींनी घेतलाही असेल. गेल्या भारतवारीत आम्ही उभयता कात्रजच्या पुढे मावशीकडे उतरलो होतो. एका रात्री काकांच्या छातीत दुखू लागले. रुग्णवाहिका लवकर आली, पण गल्लीच्या तोंडाशीच थांबली. शेवटी काकांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलून नेले. (काका आता ठणठणीत आहेत.)

गल्ली कागदावर दहा फुटांची. पण दोन्हीकडच्या पायऱ्या, पाण्याचे पिंप, उभ्या दुचाकी आणि मधेच विजेचा खांब! दहा फूट तरी का, हे गणित आम्ही परतीच्या विमानात करून पाहिले.

एक गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, 1089 चौरस फूट. 40 गुंठ्यांचा एकर. समजा शेत 330 फूट लांब आणि 132 फूट रुंद आहे, म्हणजे बरोबर एक एकर. त्यात लांबीभर एक गल्ली 10 ऐवजी 20 फुटांची ठेवली, तर 3300 चौरस फूट जादा जातात. तीन गुंठे विकायचे राहतात! विकणारा ते कशाला सोडेल? मंजूर प्लॉटिंगमध्ये रस्ते सोडावेच लागतात, गुंठेवारीत विचारणारा कोणी नसतो.

दुसरी गोष्ट आमच्या उशिरा लक्षात आली. प्रत्येक शेतकरी आपापले शेत तोडतो, त्यामुळे गल्ली शेताच्या बांधाशी संपते. मावशीच्या मागच्या भिंतीपलीकडचे घर हाकेच्या अंतरावर, पण रस्त्याने जायचे तर हमरस्त्यावर येऊन पुन्हा आत शिरायचे. नेटवर्कमध्ये काम करणाऱ्या आम्हाला ही रचना पाहून घामच फुटला. एक तोंड बंद झाले की सगळी गल्ली बंद. बस हमरस्त्यावरच थांबते. पुढे शेअर रिक्षा, नाहीतर पायपीट. टँकरही तोंडाशी उभा राहून नळी सोडतो.

पुणे महापालिकेत 2017 साली 11 आणि 2021 साली 23 गावे आली. आता रस्ते होतील असे सगळ्यांना वाटले. पण अशा अनेक गल्ल्या सातबाऱ्यावर अजून मूळ मालकाच्याच नावावर असतात, मग डांबर टाकायचे कोणाच्या जागेत? गुंठेवारी कायदा 2001 चा. 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामे त्यात घेतली. त्याने घराचा कागद नियमित होऊ शकतो, गल्ली मात्र आहे तेवढीच राहते. रुंद करायची तर प्रत्येकाने आपल्या ओट्याचे दोन फूट द्यायचे, आणि पहिले कोणी द्यायचे यावर बैठक मोडते. मावशीकडची दोनदा मोडली.

तेव्हा गुंठा बघायला जाल तर सातबाऱ्यावर रस्ता कोणाच्या नावे आहे ते पाहा, गल्लीच्या शेवटापर्यंत चालत जा, आणि टँकरवाल्याला विचारा की गाडी कुठपर्यंत येते. त्याचे उत्तर दलालापेक्षा खरे असते.

काकांच्या प्रसंगानंतर मागच्या शेजाऱ्यांनी बांधावरची भिंत चार फूट फोडू दिली. गाडी जात नाही, पण खुर्ची जाते. आणि शाळेची मुले आता तिथूनच जातात, असे मावशी परवा फोनवर सांगत होती.