संगणकाची पेटी : स्वस्त कोणती व महाग कोणती?

पोळ्याच्या दिवशीं बैलांचीं शिंगें रंगवितात, पाठीवर झूल घालतात, गळ्यांत घुंगुरमाळा बांधतात. परंतु बैल विकत घेण्यास निघालेला जाणता शेतकरी रंगविलेल्या शिंगांकडे पाहत नाहीं. तो दांत, खूर आणि चाल पाहतो. वऱ्हाडांतील लहान मुलासहि ठाऊक असलेला हा व्यवहार संगणक घेतांना मात्र पुष्कळजण विसरतात. दुकानावर ‘निम्म्या किंमतींत’ असा फलक दिसला कीं मन मोहून जातें. माझ्या भाच्याचें असेंच झालें. त्याची हकीकत प्रथम सांगतों.

हा मुलगा अकोल्यास शिकतो. वडिलांनीं कापूस विकून दिलेल्या रकमेंत शिकवण्यांचे पैसे घालून त्यानें संगणकाचे भाग एकेक करून जमविले. शेवटीं कॅबिनेट, म्हणजे हे सर्व भाग जींत बसवावयाचे ती पेटी, तेवढी राहिली. एका दुकानांत शिल्लक माल काढून टाकण्याची विक्री चालू होती. तेथें पुढें कांच, आंत रंगीत दिवे व शिवाय ‘पॉवर सप्लाय फुकट’ अशी एक पेटी त्यास मिळाली. वैशाखांतील एका दुपारीं त्या पेटींतून जळका वास आला. फुकटचा पॉवर सप्लाय तर गेलाच, पण जातांना मदरबोर्डहि घेऊन गेला. पेटीवर जें वांचलें होतें, त्याच्या कितीतरी पट पैसे पुन्हां घालावे लागले. ते मागण्यासाठीं वडिलांपुढें उभें राहतांना त्यास जें वाटलें, तें त्याचें त्यासच ठाऊक!

मग अशा विक्रीस जाऊंच नये काय? तसें मुळींच नाहीं. उलट, संगणकाच्या सर्व भागांत पेटी हाच असा भाग आहे कीं, तो शिल्लक मालांतून घेण्यांत खरा लाभ आहे. प्रोसेसर कांहीं वर्षांत मागें पडतो, कारण त्याहून जलद प्रोसेसर निघतात. पेटीचें तसें नाहीं. ती पत्र्याची असते आणि तिचीं मापें ठरलेलीं असतात. इंटेल कंपनीनें १९९५ सालीं एटीएक्स नांवाचें प्रमाण प्रसिद्ध केलें. त्या प्रमाणाचा पूर्ण आकाराचा मदरबोर्ड ३०५ मिलिमीटर लांब व २४४ मिलिमीटर रुंद असतो. मायक्रो-एटीएक्स हा २४४ मिलिमीटर चौरस, तर मिनी-आयटीएक्स हा १७० मिलिमीटर चौरस असतो. आजहि बहुतेक मदरबोर्ड या तीन मापांचेच असल्यामुळें पांच-सात वर्षांपूर्वींच्या पेटींत आजचा मदरबोर्ड सुखानें बसतो.

आतां दुकानदार ती स्वस्त कां देतो, तें पाहूं. पेटी आंतून पोकळ असते. शंभर प्रोसेसर एका कपाटांत मावतात. शंभर पेट्यांस एक खोलीहि अपुरी पडते. म्हणून न खपलेली पेटी जागा अडवून बसते, आणि मार्चअखेर हिशेब मिटवितांना ती दुकानदाराच्या डोळ्यांत सलूं लागते. शिवाय तऱ्हा बदलते. पूर्वीं डी.व्ही.डी.च्या यंत्रासाठीं पेटीच्या समोर खण असे; नव्या पेट्यांत तो बहुधा नसतो. खणाची पेटी मग पडून राहते, पण तेवढ्यानें ती सदोष ठरत नाहीं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पेट्यांचे प्रकार अधिक मिळतात हें खरें. परंतु एवढी मोठी वस्तु अमरावतीस आणावयाची म्हणजे वाहतुकीचा खर्च व कांच फुटण्याची भीति आलीच. म्हणून गांवच्या दुकानांतील शिल्लक पेटी प्रथम पहावी.

ती पाहतांना चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

पहिली गोष्ट माप. मदरबोर्ड कोणत्या प्रमाणाचा आहे, ग्राफिक्स कार्ड किती लांब आहे आणि प्रोसेसरवरील पंखा किती उंच आहे, हें घरूनच लिहून न्यावें. कांहीं कार्डें ३०० मिलिमीटरांहून लांब असतात.

दुसरी गोष्ट हवा. अकोल्यास मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर चढतो. पंखे कितीहि लावले तरी पेटींतील हवा खोलींतील हवेहून थंड होऊं शकत नाहीं. पंख्याचें काम आंतील उष्णता बाहेर घालविणें एवढेंच. यास्तव समोर बंद कांच असलेल्या पेटीपेक्षां समोर जाळी असलेली साधी पेटी आपणांस अधिक हिताची. जाळीमागें धूळ अडविणारी, काढून धुतां येणारी चाळणी असल्यास उत्तम.

तिसरी गोष्ट पॉवर सप्लाय. भिंतींतील वीज सर्व भागांस योग्य दाबानें पुरविण्याचें काम तो करतो; तो बिघडल्यास इतरांसहि धोका. म्हणून पेटीबरोबर फुकट मिळालेल्या पॉवर सप्लायची किंमत शून्य धरूनच हिशेब करावा, आणि हमीसह चांगला निराळा घ्यावा. पेटींत वांचलेले पैसे घालण्यास याहून योग्य जागा नाहीं.

चौथी गोष्ट किंमत व पावती. छापील किंमतीवरून शेंकडा किती सूट, हें पाहण्यांत अर्थ नाहीं. तीच पेटी इतर दोन दुकानांत कितीस मिळते तें विचारावें. मांडून ठेवलेला नमुना असेल तर पत्रा वांकला आहे काय, कांचेस तडा आहे काय, स्क्रूंची पुडी आंत आहे काय, हें पैसे देण्यापूर्वींच तपासावें. पावती अवश्य घ्यावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यांत पावती न देणें ही अनुचित व्यापारी प्रथा मानिली आहे. सदोष माल पावतींत लिहिलेल्या मुदतींत, व मुदत लिहिली नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्याचें नाकारणें हेंहि तसेंच. सवलतीनें विकण्याचा हेतु नसतांना सवलतीची जाहिरात करणेंहि त्यांतच येतें. तक्रारीसाठीं अमरावती व अकोला या दोन्हीं ठिकाणीं जिल्हा ग्राहक आयोग आहेत.

माझ्या भाच्यानें पुढें मार्चअखेरीस दुसरी पेटी घेतली. खिशांत मोजपट्टी व मापांचा कागद घेऊन तो गेला होता. पेटी काळी, जाळीची, दिव्यांवांचूनची, समोर डी.व्ही.डी.चा रिकामा खण. तिची किंमत त्यानें घेतलेल्या नव्या पॉवर सप्लायहूनहि कमी होती. पुढचा उन्हाळा त्या संगणकानें बिनतक्रार काढला. त्या रिकाम्या खणांत तो आतां पावत्या ठेवतो.

विद्यार्थिमित्रहो, स्वस्त वस्तु घेण्यांत कमीपणा नाहीं. ती कां स्वस्त आहे, हें विचारल्यावांचून घेण्यांत मात्र तोटा आहे. आणि तो तोटा बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी घामाच्या पैशांतून भरून निघतो.