इंजिनात बसायचंय? मग फावडं उचला!

प्लॅटफॉर्मच्या अगदी पुढच्या टोकाला उभं राहून मोटरमनच्या केबिनमध्ये कधी डोकावलंय? एकदा तरी आत शिरून समोरच्या काचेतून रूळ बघावेत, असं तुम्हालाही वाटलंच असेल. पण आपल्याकडे परवानगीशिवाय इंजिनातून प्रवास करणं कायद्याने गुन्हा. म्हणून आपण केबिनमधून शूट केलेले व्हिडीओ बघत बसतो.

परदेशातल्या रेल्वेवेड्यांची मात्र चंगळ आहे. जर्मनीच्या ‘आयसीई ३’ गाडीत ड्रायव्हरच्या पाठीमागे चक्क काचेची भिंत आहे. (नको असेल तेव्हा बटण दाबून तो ती धूसर करतो. बिचारा, सतत कोणीतरी मानेकडे बघतंय!) जपानच्या काही ‘रोमान्सकार’ गाड्यांमध्ये तर ड्रायव्हर शिडीने वर चढतो आणि सगळ्यात पुढची सीट प्रवाशाला मिळते. ब्रिटनमध्ये स्वयंसेवकांनी जपलेल्या जुन्या रेल्वेमार्गांवर पैसे भरून वाफेचं इंजिन चालवताही येतं; फक्त वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपासच.

पण या सगळ्यांवर कडी केली ती पोलंडमधल्या वोल्श्तिन या छोट्या गावाने. जगभर वाफेची इंजिनं म्युझियममध्ये गेली, तरी इथून सुमारे ८० किलोमीटरवरच्या पोझनान शहराकडे ती रोजच्या पॅसेंजर गाड्या ओढत होती. १९९७ पासून ‘वोल्श्तिन एक्स्पीरियन्स’ या उपक्रमातून हौशी मंडळी, मुख्यतः ब्रिटिश, पैसे मोजून इथे यायला लागली. गाडी टाइमटेबलमधली, मागच्या डब्यांत कामाला निघालेली माणसं आणि पुढे रेग्युलेटरवर हात एका पाहुण्याचा! शेजारी पोलिश ड्रायव्हर आणि फायरमन असायचेच म्हणा.

आणि हे सेल्फीपुरतं काम नव्हे. कोळसा एकदम ओतला की आग गुदमरते. तो थोडा थोडा, भट्टीभर पसरून टाकायचा. एक डोळा कायम पाण्याच्या काचनळीवर. बॉयलरमधलं पाणी फार उतरलं तर भट्टीचं छप्पर उघडं पडतं आणि मग थेट स्फोटाची भीती. वाफ मागितली की लगेच मिळत नाही, त्यामुळे चढ दिसायच्या आधीच तिची तयारी हवी. स्टेशन आलं की ब्रेक अचूक लागायला हवा, नाहीतर डबे प्लॅटफॉर्मच्या पुढे.

खरं सांगते, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे पैसेवाल्यांचे चोचले वाटले. माझी रोजची ट्रेन कोणी हौस म्हणून चालवली तर मी चिडले असते. पण याच पाहुण्यांच्या पैशांचा वाफेच्या गाड्या चालू ठेवायला हातभार लागत होता, हे कळल्यावर राग जरा निवळला. ते नसते, तर त्या गाड्या कदाचित खूप आधीच बंद पडल्या असत्या.

तरी २०१४ मध्ये त्या थांबल्याच. २०१७ मध्ये पुन्हा सुरू झाल्या, पण पूर्वीपेक्षा कमी. दरवर्षी मेच्या सुमारास वोल्श्तिनमध्ये वाफेच्या इंजिनांची परेड मात्र भरते. कधी जमलंच जायला, तर पांढरा शर्ट घालू नका.