विश्लेषण : रीफ टँकमधले ‘सफाई कामगार’ उपाशी का मरतात?

खाऱ्या पाण्याची प्रवाळांची टाकी, म्हणजेच रीफ टँक, मांडली की काही आठवड्यांत काचेवर तपकिरी थर धरतो आणि खडकांवर केसांसारखे हिरवे शेवाळ वाढते. मग दुकानातून ‘क्लीनअप क्रू’ची पिशवी येते : गोगलगायी, खेकडे, एखादी कोळंबी. टाकी चकाचक होते आणि थोड्याच दिवसांत रिकामे शंख दिसू लागतात. आजारापेक्षा उपासमारीने मरणारे यात अधिक असतात.

हे जीव नेमके काय करतात?

शेवाळ, माशांचे उरलेले खाद्य आणि मेलेले जीव खातात. पण खाल्लेले विष्ठेतून पाण्यातच परत येते. नायट्रेट आणि फॉस्फेट कमी करायचे तर पाणी बदलणे, स्किमर आणि बेताने खाद्य घालणे याला पर्याय नाही.

कोणाला काय खायला आवडते?

निवडीचा खरा प्रश्न हाच. काच आणि खडकांवरच्या पातळ थरासाठी ट्रोकस गोगलगाय उत्तम. अ‍ॅस्ट्रिया तेच काम करते, पण उलटी पडली की बहुधा तिला स्वतःहून सरळ होता येत नाही. कोणी सरळ केले नाही तर ती तशीच मरते किंवा खेकड्याच्या तोंडी जाते. टर्बो लांब शेवाळ झपाट्याने फस्त करते. मात्र ती अंगाने दणकट, न चिकटवलेले प्रवाळाचे तुकडे सहज पाडते. नासारियस शेवाळाला तोंडही लावत नाही. ती वाळूत गाडून घेते, फक्त सोंड वर ठेवते आणि खाद्याचा वास आला की वर येते. म्हणजे काचेवरच्या थरासाठी नासारियस घेणे व्यर्थ.

हर्मिट क्रॅब गमतीदार दिसतो खरा, पण मोठा शंख हवा म्हणून तो जिवंत गोगलगायीलाही मारतो. ठेवायचाच असेल तर वेगवेगळ्या मापांचे रिकामे शंख टाकीत टाकावेत. बुडबुड्यांसारख्या शेवाळावर एमराल्ड क्रॅब आणि एप्टेशिया या उपद्रवी अ‍ॅनिमोनवर पेपरमिंट कोळंबी उपयोगी पडते, अर्थात हमखास नव्हे. तिच्या नावाखाली कधी कधी पाठीवर कुबड असलेली कॅमल कोळंबी गळ्यात पडते आणि ती प्रवाळच कुरतडते. वाळू चाळणारा तारामासा टाळलेलाच बरा; लहान टाकीतल्या वाळूतले सूक्ष्म जीव संपले की काही महिन्यांत तो झिजून मरतो.

किती आणि कधी आणावेत?

‘गॅलनमागे एक’ हा हिशेब विक्रेत्याच्या सोयीचा. त्याने दोनशे लिटरच्या टाकीत पन्नासहून अधिक जीव येतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्यानंतर, शेवाळ डोळ्यांना दिसू लागल्यावर आठ-दहा गोगलगायींनी सुरुवात करावी आणि महिनाभर थांबावे. थर वाढतच राहिला तरच आणखी आणावेत. काच स्वच्छ झाली असेल तर त्यांना वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा तुकडा द्यावा लागतो.

टाकीत सोडताना काय सांभाळावे?

क्षारतेतला अचानक बदल या जीवांना माशांपेक्षा कमी सोसतो. साधारण १.०२५ घनतेचे टाकीतले पाणी बारीक नळीने थेंब थेंब पिशवीतल्या पाण्यात मिसळत एखादा तास द्यावा. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर माशांना देतात ते तांब्याचे औषध या टाकीत कधीही घालू नये. माशाला वाचवणारी तांब्याची मात्रा गोगलगायी आणि कोळंबीचा जीव घेते. आजारी मासा वेगळ्या टाकीत हलवावा.

भारतात कायदा काय सांगतो?

वाळू साफ करण्यासाठी परदेशी व्हिडीओंत सर्रास सुचवली जाणारी समुद्री काकडी २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे. खडक बांधणाऱ्या प्रवाळांनाही हेच संरक्षण आहे. त्यामुळे मालवण असो वा अंदमान, किनाऱ्यावरून असा जीव उचलून टाकीत आणणे गुन्हा ठरतो. दुकानातून घेतानाही तो कुठून आला याची कागदपत्रे मागावीत. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर पिशवी तिथेच ठेवावी.