गॅनिमिडची हवा आणि गणिताचा ताळा



गुरूभोवतीं फिरणाऱ्या चंद्रांपैकीं सर्वांत मोठा तो गॅनिमिड. त्याचा पृष्ठभाग बर्फाचा. तेथें हवा आहे काय, आणि असल्यास किती, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण गणितावर विश्वास केव्हां ठेवावा, याचा मोठा धडा त्यांत आहे.

ता. ७ जून १९७२ रोजीं एक तारा गॅनिमिडच्या आड गेला. हवा नसेल तर तारा एकदम विझावा. असेल तर त्याचा प्रकाश हळूहळू मंदावावा. तमिळनाडूंतील कावलूर येथून आणि जावा बेटावरून हे वेध घेण्यांत आले. पृथ्वीवरील दाबाच्या निदान दशलक्षांश दाबाची हवा तेथें असावी, असा निष्कर्ष निघाला. १९७७ सालीं युंग व मॅकएल्रॉय यांनीं गणित मांडलें. उत्तर जवळजवळ तेंच आलें. मग शंका कसली? परंतु १९७९ सालीं व्हॉयेजर यान तेथून गेलें, आणि त्याच्या सूक्ष्म वेधांत तितक्या हवेचा हजारावा भागही आढळला नाहीं.

असलें गणित आज कसें करितात तें पाहूं. आमच्या पालम गांवच्या हवेंत कण जत्रेंतल्या माणसांप्रमाणें एकमेकांस सतत धक्के देतात. गॅनिमिडवर ते इतके विरळ, कीं एकाची दुसऱ्याशीं गांठ क्वचितच पडते. गोफणीच्या खड्याप्रमाणें प्रत्येक कण आपल्याच वाटेनें वर जातो व खालीं येतो. म्हणून संगणकावर असे लक्षावधि कल्पित खडे फेंकितात. गुरूभोवतींचे विद्युद्भारित कण बर्फावर आदळून पाण्याचे रेणु फोडतात. हायड्रोजन हलका, तो निसटून जातो. प्राणवायु परत पडतो, पण त्या थंडींतही गोठत नाहीं, म्हणून पुन्हां उसळतो. पाण्याचा रेणु मात्र थंड जागीं पडला कीं चिकटून राहतो. कोणत्या उंचीवर किती खडे सांपडले हें मोजलें, म्हणजे हवेचें चित्र तयार होतें.

पण खडा किती जोरानें आणि किती वेळां फेंकावयाचा, हे आंकडे आपणच गृहीत धरितों. ते चुकले, तर रीत निर्दोष असूनही उत्तर चुकतें. विद्यार्थ्याचें उत्तर पुस्तकामागील उत्तराशीं जुळलें, पण छापलेलेंच उत्तर चुकीचें असलें, तर त्या जुळण्याचा काय उपयोग?

ताळा निराळ्या मार्गानें पाहावा लागतो. हबल दुर्बिणीनें अतिनील प्रकाशांत तेथील प्राणवायूची अंधुक दीप्ति टिपली. २०२१ सालीं तिच्याच वेधांतून पाण्याच्या वाफेचा पुरावा पुढें आला. एप्रिल २०२३ मध्यें निघालेलें युरोपीय जूस यान २०३१ सालीं गुरूपाशीं पोहोंचावयाचें असून पुढें तें गॅनिमिडभोवतीं फिरणार आहे. तोंवर आजचीं चित्रें तात्पुरतीं समजणें इष्ट.