भिगवणच्या पाण्यावर दोन कॅमेरे

फेब्रुवारीत भिगवणला पहाटे साडेसहाला होडीत बसलं की पहिली वीस-पंचवीस मिनिटं पक्षी दिसत नाहीत, नुसते ऐकू येतात. उजनी धरणाच्या फुगवट्यावर धुक्याचा पातळ थर असतो. त्याच्या पलीकडून कुठून तरी पट्टकादंबांचा नाकातला कलकलाट येतो आणि नावाडी त्या आवाजाच्या रोखाने बांबू रेटत राहतो. माझ्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला निकॉन पी९०० असतो, वजन जवळपास ९०० ग्रॅम. जर्किनच्या खिशात सोनी आरएक्स१००, २४० ग्रॅम. गेले तीन हिवाळे ही जोडी घेऊन मी इथे येतोय. दोन्ही कॅमेरे जुने. सोनी २०१२चा, निकॉन २०१५चा.

पहिल्या वर्षी मी या पहाटवेळी हटकून मोठा कॅमेरा काढायचो. एवढी लांब नळी बाहेर येणार, म्हणजे खरा कॅमेरा तोच, अशी समजूत. घरी येऊन फोटो संगणकावर उघडले की राखाडी चिखल. पक्षी आहे हे मला माहीत म्हणून दिसायचा. इतरांना दाखवताना बोट ठेवून सांगावं लागायचं.

कारण साधं आहे, पण दुकानात ते कोणी सांगत नाही. पी९००चा आकार मोठा तो लेन्समुळे. आत प्रकाश टिपणारा सेन्सर जेमतेम ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, करंगळीच्या नखाहूनही लहान. स्वस्तातल्या पॉकेट कॅमेऱ्यांत असायचा तेवढाच. उलट खिशातल्या सोनीतला सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने चौपट. दिसतं तसं नसतं याचं इतकं रोकडं उदाहरण दुसरं सापडायचं नाही. सेन्सर असा लहान ठेवला म्हणूनच ८३ पट झूम नऊशे ग्रॅममध्ये बसतो. पूर्ण ताणलेल्या लेन्सचं खरं नाभीय अंतर ३५७ मिलिमीटर. इवल्या सेन्सरमुळे ते ३५ मिमी फिल्मच्या हिशेबात २००० मिलिमीटरसारखं वागतं. फिल्मएवढ्या सेन्सरसाठी तेवढी लेन्स करायची तर ती आणायला वेगळा हमाल लागेल.

किंमत मोजावी लागते ती प्रकाशात. टोकाला पी९००चं छिद्र एफ/६.५पर्यंत आवळतं, तर सोनी झूम न करता धरला तर एफ/१.८. फरक सुमारे १३ पटींचा. जिथे छोट्याला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो, तिथे तेवढ्याच आयएसओवर, म्हणजे सेन्सरच्या तेवढ्याच संवेदनशीलतेवर, मोठा आठव्या भागाइतका वेळ मागतो. तेवढ्यात होडी हलते, बगळा मान फिरवतो, आणि मागे बसलेला गृहस्थ थर्मास उघडायला वाकतो. आतली कंप रोखणारी यंत्रणा हाताची थरथर सावरते. बगळ्याला स्थिर उभं राहा म्हणून ती सांगू शकत नाही.

आता सूर्य वर येईस्तोवर मोठा टॉवेलातच राहतो. धुक्यातला बुडालेल्या बाभळीचा खुंट, त्याच्या टोकावरचा पाणकावळा, जाळं ओढणाऱ्याची पाठमोरी आकृती, नावाड्याच्या बांबूवरून निथळणारं पाणी, हे सगळं छोट्याचं. पाणकावळा त्यात तिळाएवढा येतो. येऊ दे. त्या वेळी आपल्यालाही तो तेवढाच दिसत असतो.

साडेसातच्या सुमारास ऊन तिरपं पडायला लागलं की मोठ्याची पाळी. पाणी उतरून चिखल उघडा पडू लागला की रोहित पक्षी इथे उथळ पाण्यात येऊन उभे राहतात. त्यांच्यापासून शंभरएक मीटरवर नावाडी बांबू रोवून होडी थांबवतो. शंभर मीटरवर पी९००च्या चौकटीत पावणेदोन मीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच एवढंच जग मावतं. सव्वा-दीड मीटरचा रोहित त्यात पायापासून डोक्यापर्यंत काठोकाठ बसतो, एखादा थोराड नर असेल तर पाय कापले जातात. चोच उलटी करून चिखल गाळताना जबड्याची हालचाल दिसते. सोनीचा झूम १०० मिलिमीटरला संपतो. तिथे तोच रोहित चौकटीच्या उंचीच्या अठराव्या भागाएवढा. कापून मोठा केला तरी हाती दोनशे पिक्सेल. ओळख पटेल, चोचीचा गुलाबी रंगही कळेल, पण चोच काय करतेय ते नाही.

पक्षीनिरीक्षकांत 'रेकॉर्ड शॉट' असा एक प्रकार असतो: देखणा नसेल, पण अमुक पक्षी अमुक दिवशी इथे होता याचा पुरावा. या कामात पी९००सारख्या सुपरझूमला तोड नाही, निदान माझ्या खिशाला परवडेल अशी तरी नाही. पायात कडी घातलेला पक्षी दिसला आणि कडीवरची अक्षरं वाचता आली, तर तो कुठून आला हे शोधता येतं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने दशकानुदशकं पक्ष्यांच्या पायांत अशा कड्या अडकवल्या आहेत. कडीवरची अक्षरं कौतुकाने वाचता येत नाहीत, त्यांना मिलिमीटर लागतात.

आणखी एक फायदा कॅटलॉगात छापत नाहीत. शेजारच्या होडीत कमी पल्ल्याच्या लेन्सा घेऊन बसलेली मंडळी नावाड्याच्या मागे लागतात, "अजून थोडं पुढे घ्या, अजून थोडं." बिचारा नाही म्हणू शकत नाही, दिवसाची कमाई त्यांच्याच हातात. मग थवा उडतो. उडाल्यावर फोटो छान येतात, पण तासभर चरायचा जीव पाच मिनिटांत दोनदा उडवला जातो. माझ्या होडीतला नावाडी शंभर मीटरवर बांबू रोवून निवांत तंबाखू मळतो.

तरी झूम वाटतं तितकं सोपं नाही. २००० मिलिमीटरवरून आकाशात पक्षी शोधणं म्हणजे बांगडीतून मुंगी शोधण्यासारखं. नवखा माणूस सरळ पूर्ण झूम करतो आणि मग पाच मिनिटं नुसतं पाणी पाहतो. मी आधी थोडकाच झूम ठेवून पक्ष्याजवळची खूण धरतो. बाभळीचा खुंट, त्याच्या डावीकडे दोन शेकाट्या, त्यापुढे रोहित. मग हळूहळू पुढे. मधेच पक्षी निसटला तर लेन्सच्या अंगावरचं बटण दाबायचं. झूम क्षणभर मागे येतो, सापडला की सोडायचं, परत पुढे जातो. हे बटण ज्याला सुचलं त्याने स्वतः पक्षी हरवलेला असणार. सलग टिपायचं तर सेकंदाला सात या वेगाने सात फोटो होतात आणि मग कॅमेरा ते कार्डावर उतरवत बसतो. म्हणून नदीसुरय पाण्यावर घिरट्या घालत असताना बटण दाबायचं नाही. तो पंख मिटून सूर मारायला लागला की दाबायचं. दहातल्या आठ वेळा मी चुकतो, चित्रात फक्त उडालेलं पाणी येतं.

आणि ही पाळीही लांबत नाही. साडेनऊ-दहाच्या पुढे पाणी आणि चिखल तापतो, त्यावरची हवा लवलवू लागते. डोळ्यांना ती फारशी जाणवत नाही, झूममधून मात्र चांगली दिसते. दोनशे मीटरवरचा चक्रवाक पाण्याखाली ठेवल्यासारखा वितळतो. लोक फोकसला दोष देतात, मीही बरेच दिवस दिला. पक्षी जवळ आणला की मधली हवाही त्याच्याबरोबर येते. यावर लेन्स बदलून उपाय नाही. एकतर जवळ जायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी पहाटे यायचं. म्हणजे पहाटेचा अंधार आणि उन्हाचा थरथराट वजा केला तर या थोराड कॅमेऱ्याचा दिवस दोन-अडीच तासांचा. बाकी तो ओझं आहे. संध्याकाळी थोडी सवलत मिळते, आणि चांदण्या रात्री चंद्र. चंद्रावरच्या विवरांचे फोटो काढून मीही नातेवाइकांवर छाप पाडली आहे, ते काही लपवत नाही.

छोट्याची दुपार वेगळी जाते. नावाड्याच्या घरी जेवायला थांबतो तेव्हा चुलीवर चिलापी तळत असते. खोपटात उजेड दारातून येईल तेवढाच. पहिल्या वर्षी मी तिथे मोठा कॅमेरा उचलला तर आजींनी लगेच पदर सारखा केला, झारा खाली ठेवला आणि शाळेच्या फोटोसारख्या ताठ बसल्या. तव्यातला मासा करपला. पुढच्या खेपेला खिशातला काढून विचारलं, "आजी, एक काढू का?"

"काढ की. त्येला काय पैसं पडत्यात?" म्हणाल्या आणि मासा उलटायला लागल्या.

त्या फोटोत धूर आहे, तेलाचे शिंतोडे आहेत, आजींच्या बोटांवरचा मसाला आहे. तेवढ्या अंधारात फ्लॅश न मारता हे येतं ते त्या चौपट सेन्सरमुळे आणि उघड्या छिद्रामुळे. पण आजींनी झारा खाली ठेवला नाही, हे कुठल्या आकड्यात बसवायचं ते मला कळत नाही. आता हीच कामं फोन करतो असं कोणी म्हणेल. बऱ्याच अंशी खरंही आहे, खिशातले कॅमेरे फोननेच खाल्ले. ओल्या बोटांनी मला फोनचा पडदा चालवता येत नाही, आणि कॅमेऱ्यावर कोणाचा फोन येत नाही, एवढीच माझी बाजू.

जेवण झाल्यावर यंदा नावाड्याने पी९०० मागितला. "सर, जरा बघू का पलीकडं?" पाण्याच्या पल्याडच्या काठावर त्याच्या मामाचं गाव आहे. धरणाच्या आधी मधे नुसती नदी होती, उन्हाळ्यात लोक पायी जायचे, असं त्याचा आजा सांगायचा. आता तो काठ दीडेक किलोमीटर लांब. मी त्याला झूमची कळ दाखवली, हळूहळू ढकल म्हणालो. त्याने ऐकलं नाही, एका दमात शेवटपर्यंत नेली. माझ्यासारखं नुसतं पाणी बघत बसेल असं वाटलं होतं, पण त्याला गाव लगेच सापडलं. मी शेजारून पडद्यावर पाहिलं. ऐन दुपारची हवा उकळत होती. एक पांढरा डाग, एक लाल डाग, त्यामागे झाडासारखं काहीतरी. माणसं तर ओळखू येणं शक्यच नव्हतं.

"मामा घरीच हाय," तो म्हणाला. "गाडी दारात हाय की."