शेताच्या बांधावरील संख्याशास्त्र

संख्याशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमात विद्यार्थी सरासरी आणि प्रमाण विचलन काढण्यास लवकर शिकतात. परंतु मूळ आकडे कसे हाती येतात आणि त्यांत चूक कोठून शिरते, हे प्रत्यक्ष प्रकल्पाशिवाय उमगत नाही. पीक कापणी हा त्यासाठी उत्तम विषय आहे.

शेतकऱ्याच्या संमतीने काढणीस आलेले एक शेत निवडावे. त्याची लांबी व रुंदी मीटरमध्ये मोजावी. यादृच्छिक संख्यांच्या तक्त्यातून दोन संख्या घेऊन तितकी अंतरे शेताच्या कोपऱ्यापासून लांबीच्या व रुंदीच्या दिशेने मोजावीत. तेथे ५ मीटर लांब व ५ मीटर रुंद तुकडा आखावा. तो शेताबाहेर जात असेल तर दुसरी जोडी घ्यावी. मात्र पीक विरळ दिसले म्हणून जागा बदलू नये. असे ५ तुकडे घ्यावेत. याच रीतीने, अन्यत्र, १ मीटर बाजूचे ५ तुकडे आखावेत. प्रत्येक तुकड्यातील पीक कापून, मळून, धान्य वाळल्यावर वजन नोंदवावे. हेक्टरी उत्पन्नासाठी मोठ्या तुकड्याच्या वजनास ४०० ने, तर लहान तुकड्याच्या वजनास १०,००० ने गुणावे.

दोन्ही सरासऱ्यांची तुलना हा प्रकल्पाचा गाभा होय. सीमारेषेवरील ताटे आत घेण्याकडे कापणाऱ्याचा नकळत कल असतो. समजा, सीमेच्या दर मीटरमागे १० ग्रॅम धान्य जास्त आले. लहान तुकड्याची सीमा ४ मीटर. म्हणजे ४० ग्रॅमची चूक हेक्टरी ४०० किलोग्रॅम होते. मोठ्या तुकड्याची सीमा २० मीटर. तेथील २०० ग्रॅमची चूक हेक्टरी केवळ ८० किलोग्रॅम होते. अशी एकाच बाजूला झुकणारी चूक तुकड्यांची संख्या वाढवूनही नाहीशी होत नाही.

सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० नंतरच्या दशकात हाच दोष प्रयोगांनी दाखवून दिला. फार लहान तुकड्यांवरून उत्पन्नाचा अंदाज फुगतो, हा त्यांचा निष्कर्ष होता.

हा प्रश्न केवळ परीक्षेतील गुणांचा नाही. पीक कापणी प्रयोगांतील सरासरी उत्पन्नाचा आधार पीक विम्याची भरपाई ठरविताना घेतला जातो. अंदाज वास्तवाहून अधिक आला, तर नुकसान कमी दिसते आणि शेतकऱ्याच्या हक्काची रक्कम घटते.

म्हणूनच प्रकल्पाच्या अहवालात आलेखांबरोबर निवडीची पद्धत, नाकारलेल्या जोड्या आणि मोजणीतील अडचणी यांचीही प्रामाणिक नोंद असावी. अशा नोंदीमुळेच दुसऱ्या कोणासही तो आकडा तपासून पाहता येतो.