नवी टूरिंग सायकल : हौस, हिशेब आणि आमचे कारागीर

सायकल हा शब्द निघाला की आमच्या व्यापारी बांधवांच्या डोळ्यांपुढे दोनच चित्रे येतात. एक शाळकरी मुलाची रंगीत सायकल आणि दुसरी दूधवाल्याची वा फेरीवाल्याची काळी, बावीस इंची, मागे भक्कम कॅरिअर असलेली. या दोहोंखेरीज एक तिसरी जात आहे, तिला टूरिंग सायकल म्हणतात. अंगावर सामान लादून दिवसामागून दिवस, जिल्ह्यामागून जिल्हा चालत राहावे यासाठीच ती बनवलेली असते. शहरांतील नोकरदार तरुण तर तिच्या नादी लागलेच आहेत, आमच्यासारखे पन्नाशी ओलांडलेले कापडवालेही आता लागले. आम्ही अलीकडेच अशी एक सायकल घेतली. तेव्हापासून दुकानात येणारा प्रत्येक जण विचारतो की, एवढ्या पैशांत जुनी मोटारसायकल आली असती, मग या सायकलीत विशेष ते काय? त्या प्रश्नाचे उत्तर एकदाच लिहून टाकावे म्हणून हा लेख.

नवा माल येण्याचा आनंद कापडवाल्याला नवा नाही. गाठ फोडून पहिला ताका उलगडताना आजही आमचा हात क्षणभर थांबतो. परंतु ताका विकायचा असतो आणि सायकल ठेवायची असते. खोके उघडून पुढचे चाक बसवले, हँडल सरळ केले, पायडल उलटे फिरवून साखळीचा बारीक आवाज ऐकला, तेव्हा घरातील लहान मुलांपेक्षा आम्हीच जास्त उतावीळ होतो हे कबूल. अशा उतावीळपणातच माणूस रंग पाहून पैसे मोजतो. कापड घेताना आपण छापा पाहून भुलत नाही, पोत चिमटीत धरून पाहतो, सूत मोजतो. सायकलीलाही तीच नजर लावावी.

आमचे मरहूम वडील मालेगावहून साड्या आणि लुंग्यांचे गाठोडे सायकलवर बांधून आसपासच्या आठवडे बाजारांना जात. मणभर ओझे मागे आणि वर स्वतः. त्या काळ्या सायकलचा सांगाडा लांबट होता, हँडल उंच होते, चाके मोठी होती आणि चिमटा पुढे झुकलेला होता. खड्ड्यात गेली तरी ती अंग झटकून बाहेर येई. टूरिंग सायकल म्हणजे याच कुळातील शिकून सवरून आलेली मुलगी होय. शर्यतीच्या सायकलीत पायडलच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर सुमारे ४१ सें.मी. असते, टूरिंगमध्ये ते ४५-४६ सें.मी. ठेवतात. चार-पाच सें.मी.चा फरक तो काय, असे वाटेल. परंतु मागे दोन्ही बाजूंना पिशव्या लटकल्या की टाच पिशवीला लागते की नाही, आणि ओझ्याने पुढचे चाक हलके होऊन हँडल डगमगते की नाही, हे त्या चार-पाच सें.मी.वर ठरते.

सांगाडा बहुधा पोलादाचा असतो, त्यातही क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाचा. त्याला बाजारात क्रोमोली म्हणतात. या नळ्यांची एक खुबी विणकराला चटकन समजेल. आपण साडीची किनार भक्कम विणतो, कारण ताण तिथे येतो, आणि अंग हलके ठेवतो. तसेच या नळ्या टोकांना जाड आणि मध्ये पातळ असतात, उदाहरणार्थ टोकांशी ०.९ मि.मी. तर मध्ये ०.६ मि.मी. जोड टोकांना असतो, म्हणून जाडी तिथे. या युक्तीचे पेटंट इंग्लंडातील बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी १८९७ साली घेतले. त्यांच्या घराण्याचा मूळ धंदा खिळे बनवण्याचा होता, ही गोष्ट आमच्या लोहारकाम करणाऱ्या बांधवांनी ध्यानात घ्यावी. पुढे १९३५ साली याच कारखान्याची ‘५३१’ या नावाची नळी निघाली आणि कित्येक वर्षे चांगल्या सायकलीची ती ओळख ठरली. पोलादाचा दुसरा फायदा असा की ते आडगावातही जोडता येते. तालुक्याचा गॅस वेल्डिंगवाला पितळी झाळ देऊन काम भागवू शकतो. ॲल्युमिनियम तडकले तर त्याला हात लावणारा मिस्त्री सहजी मिळत नाही.

दुकानात गेल्यावर सर्वप्रथम वाकून मागच्या आणि पुढच्या चाकाच्या दांड्याजवळ पाहावे. तिथे आटे पाडलेली लहान भोके आहेत का? कॅरिअर आणि मडगार्ड त्यांनाच स्क्रूने बसतात. ही भोके नसतील तर विक्रेता काहीही म्हणो, ती टूरिंग सायकल नव्हे. एका शोरूममध्ये आम्हाला स्प्रिंगचा चिमटा असलेली जाडजूड सायकल ‘लांबच्या प्रवासाची’ म्हणून दाखवण्यात आली. तिला एकही भोक नव्हते. स्प्रिंगचा चिमटा डोंगरवाटेवर ठीक आहे. सडकेवर तो वजन वाढवतो, पायाचा जोर खातो आणि पुढे कॅरिअर बसू देत नाही.

यानंतर चाके. आमच्या मते अर्धी सायकल म्हणजे चाके. जुन्या काळ्या सायकलीत पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असत, शर्यतीच्या सायकलीत वीस-चोवीसवर भागवतात. टूरिंगला ३६ असावेत. चाकावरचे ओझे स्पोकच्या ताणावर तोललेले असते. मागावर ज्याने ताणा चढवला आहे त्याला अधिक सांगायला नको. एक धागा ढिला पडला की शेजारच्यावर भार येतो आणि तो तुटतो. मागच्या चाकात गिअरच्या चकत्यांना जागा देण्यासाठी रिम एका अंगाला ओढलेली असते, त्यामुळे उजव्या बाजूचे स्पोक जास्त ताणलेले असतात. डावीकडचे ढिले राहून वळवळतात, थकतात. म्हणून दोन्ही बाजूंच्या लांबीचे चार-चार स्पोक जवळ ठेवावेत. उजवीकडचा तुटला तर चकत्या काढल्याशिवाय नवा घालता येत नाही, तेव्हा चकत्या काढण्याचे हत्यारही बरोबर हवे. नवे चाक पहिल्या दीड-दोनशे किलोमीटरांत थोडे बसते. तेवढे चालवून झाले की आऊट काढून घ्यावा. हे काम यंत्रावर तयार झालेल्या चाकाला जितके लागते तितके जाणत्या मिस्त्रीच्या हातच्या चाकाला लागत नाही. स्पोकला बोटाने छेडून सूर ऐकणारे असे उस्ताद आपल्या गल्लीबोळांत अजून आहेत. मोटारसायकली आल्या आणि त्यांच्या टपऱ्यांवर पंक्चरखेरीज काम उरले नाही, एवढेच.

टायरबाबत एक इशारा. आपल्या खेड्यापाड्यांत सर्वत्र मिळणारा २८ गुणिले दीडचा टायर ६३५ मि.मी. व्यासाच्या रिमवर बसतो. टूरिंग सायकलीची रिम बहुधा ६२२ मि.मी.ची असते. तेरा मि.मी.चा फरक, पण टायर बसत नाही म्हणजे नाही. एकतर घडीचा जादा टायर सोबत ठेवावा, नाहीतर २६ इंची, म्हणजे ५५९ मि.मी. रिमची सायकल घ्यावी. गिअरच्या साध्या सायकलींमुळे तो टायर तालुक्याच्या गावी सहसा मिळून जातो. ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा असेल तर पेट्रोल पंपावरही हवा भरता येते.

गिअरची संख्या ऐकून गिऱ्हाईक भुलते. सत्तावीस, तीस हे आकडे दुय्यम आहेत, सर्वांत हलका गिअर किती हलका हे पाहावे. त्याचा हिशेब सोपा आहे. पुढच्या चक्राचे दात भागिले मागच्या चकतीचे दात, गुणिले चाकाचा परीघ. काळ्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दात धरले तर पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे ५ मीटर ४० सें.मी. पुढे जाते. सपाटीवर उत्तम, चढावर मात्र उतरून ढकलणे आले. टूरिंगला पुढे २६ आणि मागे ३४ दात असले तर तोच फेरा सुमारे १ मीटर ७० सें.मी. होतो. म्हणजे ओझ्यासकट कसारा घाट बसून चढता येतो, मुंगीच्या गतीने का होईना. ब्रेकविषयी एवढेच की ओझे घेऊन घाट उतरताना ते तापतात, म्हणून डिस्क असो वा रिमचा, ताराने चालणारा आणि कोठेही दुरुस्त होणारा घ्यावा.

आता आमच्या स्वतःच्या धंद्याकडे येतो. सायकलीच्या पिशव्या! इंग्लंडात लँकेशायरमधील नेल्सन या गावी १९३२ पासून कॅरडाइस या नावाने सायकलीच्या पिशव्या बनत आल्या. नेल्सन हे मागांचे गाव, आपल्या मालेगाव-भिवंडीच्या जातकुळीचे. त्या पिशव्या डक नावाच्या जाड सुती कापडाच्या असतात. डकची वीण साधीच, परंतु सूत पीळदार आणि वीण गच्च. त्याची करामत अशी की पाऊस पडला की सुताचे तंतू पाणी पिऊन फुगतात आणि विणीतील छिद्रे आपोआप बुजतात. वर मेणाचा हात दिलेला असतोच. शिवणीचा दोराही आत पॉलिएस्टर आणि वर सुती आवरण असा घेतला तर सुईचे भोक भिजल्यावर मिटते. जर्मनीतील ओर्टलीब कंपनीने १९८२ पासून दुसरा मार्ग धरला. पॉलिएस्टरवर प्लॅस्टिकचा थर दिलेले कापड घ्यायचे, ते सुईने न शिवता उष्णतेने चिकटवायचे आणि तोंड तीन-चार घड्या घालून बंद करायचे. नदीत पडली तरी आत पाणी जात नाही. दोन्हींमध्ये आमचा कौल विचाराल तर कोकणच्या संततधारेत प्लॅस्टिकचीच बरी, कारण सुती पिशवी चार दिवस वाळली नाही की जड होते आणि बुरशी धरते. परंतु आमच्या कोरड्या मुलखात डकला तोड नाही. फाटली तरी कोणताही शिंपी ठिगळ लावून देतो.

येथे कामाची संधी आहे. परदेशी पिशव्यांची जोडी घेताना खिशाला चटका बसतो. धारावीत चामड्याच्या आणि रेक्झिनच्या बॅगा शिवणारे कारागीर यापेक्षा अवघड काम रोज करतात. फक्त काही गोष्टी सांभाळाव्या लागतील. पाठीला ताठ पत्रा किंवा प्लॅस्टिकचा तक्ता हवा, म्हणजे पिशवी स्पोकमध्ये घुसणार नाही. टाचेकडचा खालचा कोपरा तिरका कापावा. वरचे हूक कॅरिअरच्या सुमारे १० मि.मी.च्या सळईवर घट्ट बसले पाहिजेत आणि खड्ड्यात उसळून निघता कामा नयेत, त्यासाठी खालून एक पकड हवी. कॅरिअरही पोलादी नळीचे, आपल्या वेल्डरच्या आवाक्यातले काम आहे. मात्र या एकाच मालावर कोणी नवे दुकान थाटू नये. गिऱ्हाईक थोडे आहे, चोखंदळ आहे आणि एकदा घेतलेली पिशवी पंधरा वर्षे वापरते. चालू कामाला जोडधंदा म्हणून ठीक.

कराचा बदलही सांगून ठेवतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. साठ हजारांच्या मूळ किमतीवर पूर्वी ७,२०० रुपये कर पडला असता, आता ३,००० पडतो. जुन्या किमतीची चिठ्ठी दाखवून कोणी दर लावत असेल तर बिलावरील टक्का वाचून घ्यावा. हौसेची सायकल दुकानाच्या नावे घेऊन त्या कराची वजावट मागू नये, वैयक्तिक वापराच्या मालावर ती मिळत नाही.

एवढे पैसे हौसेवर का, असेही काही वडीलधारे विचारतात. प्रश्न रास्त आहे. आम्ही मोटारीवर किंवा लग्नाच्या मांडवावर होणाऱ्या खर्चाशी तुलना करणार नाही, ती पळवाट होईल. एवढेच सांगतो की १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगाच्या फेरीला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे इराण, इराकची वाळवंटे ओलांडून, सुमारे ७१ हजार किलोमीटर फिरून मार्च १९२८ मध्ये परतले. आम्हाला एवढे जमणार नाही. वडिलांचे बाजारांचे जुने रस्ते एकदा त्यांच्यासारखे, ओझ्यासह फिरावेत, इतकीच आमची मजल.

त्याची तयारी म्हणून पिशव्यांत ताके भरून चार फेऱ्या मारल्या. दोन्ही बाजूंचे वजन तराजूने सारखे करावे, जड वस्तू तळाशी ठेवावी आणि थोडे ओझे पुढच्या चाकावर द्यावे, म्हणजे चढावर हँडल उचलत नाही. आमच्याकडे डकची एक जुनी पिशवी आहे, तळाला विरलेली. ज्या शिवणकाम करणाऱ्या बांधवास नमुना हवा असेल त्याने जुहरनंतर दुकानी यावे आणि ती उसवून माप घ्यावे.